स्वतःच्या कॉम्प्युटरवर फाइल सर्व्हर: निवडायचा कुठला, बसवायचा कसा

गरज तशी साधीच असते. लॅपटॉपवरचे फोटो डेस्कटॉपवर टाकायचे असतात, भावाने केलेलं चाळीस जीबीचं शूटिंग त्याच्या कॉम्प्युटरवरून आपल्याकडे आणायचं असतं, किंवा स्कॅनरने काढलेली पानं थेट आपल्या फोल्डरमध्ये पडायला हवी असतात. ईमेलला एवढी मोठी फाइल झेपत नाही, पेन ड्राइव्ह ऐन वेळी सापडत नाही, आणि क्लाउडचा रस्ता धरला तर तीच फाइल आधी वर चढवा आणि मग खाली उतरवा. मग कोणीतरी सुचवतं, ‘अरे, एक एफटीपी सर्व्हर टाक की, पाच मिनिटांचं काम आहे.’

पाच मिनिटांत तो लागतोही. मीही एकदा असाच लावला होता. युजरनेम-पासवर्डची कटकट नको म्हणून अनॉनिमस लॉगिन चालू ठेवलं, फाइली टाकायची मुभा दिली, राउटरवर पोर्ट (बाहेरून आत यायचं नंबर असलेलं दार) उघडला आणि विसरून गेलो. आठवड्याभराने डिस्क भरल्याची सूचना आली. बघतो तर त्या फोल्डरात चित्रविचित्र नावांचे उपफोल्डर आणि त्यांत ओळखीपाळखीच्या नसलेल्या माणसांच्या फाइली. माझा कॉम्प्युटर कोणाचं तरी फुकटचं गोदाम झाला होता. सॉफ्टवेअरचा त्यात काही दोष नव्हता. मी सांगितलं तसंच ते वागत होतं.

तेव्हापासून माझा क्रम उलटा झाला आहे. सॉफ्टवेअर नंतर, आधी प्रश्न.

पायरी १: आधी ठरवा, कोणासाठी आणि कुठून

एका कागदावर तीन गोष्टी लिहा. फाइली कोण घेणार किंवा टाकणार: फक्त तुम्ही, की आणखी कोणी? त्यांना नुसतं वाचायचं आहे, की लिहायचंही आहे? आणि ही माणसं तुमच्याच वाय-फायवर असतील, की बाहेरून येतील? हे वाचायला बाळबोध वाटेल, पण पुढचे सगळे निर्णय या तीन उत्तरांवरच होतात.

लिहून झालं की कदाचित लक्षात येईल की तुम्हाला सर्व्हर नकोच आहे. एकदाच फोनवरून लॅपटॉपवर काही टाकायचं असेल तर लोकलसेंडसारखं ॲप पुरे. तुमच्याच दोन कॉम्प्युटरवरचा एखादा फोल्डर कायम सारखा राहायला हवा असेल तर सिंकथिंग हे काम गुपचूप करत राहतं. घरातले सगळे कॉम्प्युटर विंडोजचे असतील तर विंडोजचं स्वतःचं फोल्डर शेअरिंग आहेच.

सर्व्हर लागतो तो समोरच्याने त्याच्या सोयीने, तुम्ही जागेवर नसतानाही, फाइल घ्यावी किंवा ठेवावी अशी व्यवस्था हवी असते तेव्हा. किंवा स्कॅनर, कॅमेरा, बॅकअपचं सॉफ्टवेअर अशी एखादी गोष्ट ‘सर्व्हरचा पत्ता टाका’ म्हणून अडून बसते तेव्हा.

पायरी २: नावांचा गुंता सोडवा

इथे थोडं थांबू, कारण नवा माणूस चुकीचं सॉफ्टवेअर उतरवतो तो बहुतेक इथेच फसून.

फाइली नेण्या-आणण्याच्या ठरलेल्या पद्धतीला प्रोटोकॉल म्हणतात. एफटीपी हा यातला सर्वात जुना. त्याचा पहिला मसुदा अभय भूषण यांनी एप्रिल १९७१ मध्ये लिहिला. तेव्हा जाळ्यावर मोजके कॉम्प्युटर होते आणि चोरून ऐकणारं कोणी असेल असा विचारही कोणाच्या मनात नव्हता. त्यामुळे एफटीपीत युजरनेम आणि पासवर्ड उघड्या अक्षरांत जातात. त्याच नेटवर्कवरच्या कोणी वाहतूक पकडून पाहिली तर ‘युजर’ शब्दापुढे तुमचं नाव आणि ‘पास’ शब्दापुढे तुमचा पासवर्ड जसाच्या तसा वाचता येतो. पोस्टकार्डावर तिजोरीचा नंबर लिहून पाठवण्यातलाच हा प्रकार. ब्राउझरांनीही २०२१ मध्ये एफटीपीला रामराम ठोकला: फायरफॉक्सने ९०व्या आवृत्तीत, क्रोमने ९५व्या.

एफटीपीएस म्हणजे तोच एफटीपी, वेबसाइटच्या कुलपात वापरतात त्या टीएलएसच्या आवरणात. पासवर्ड लपतो हे खरं, पण एफटीपीची जुनी खोड तशीच राहते: त्याला बोलायला एक जोडणी लागते आणि माल न्यायला दुसरी. ही खोड एकदा जवळून पाहून ठेवा, म्हणजे पुढे डोकं खाजवावं लागणार नाही. बोलणं २१ नंबरच्या पोर्टवर होतं. फाइल मागितली की सर्व्हर एक ओळ पाठवतो. तिच्या सुरुवातीला २२७ हा आकडा असतो आणि कंसात सहा आकडे: १९२, १६८, १, २०, १९५, ८०. पहिले चार म्हणजे सर्व्हरचा पत्ता. शेवटच्या दोनांतून पोर्ट काढायचा: १९५ गुणिले २५६, अधिक ८०, म्हणजे ५०,०००. थोडक्यात सर्व्हर म्हणतो, ‘१९२.१६८.१.२० वर ५०,००० नंबरच्या दाराशी ये, माल तिथे देतो.’

आता गंमत बघा. १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता घरातल्या घरात चालतो. बाहेरच्या माणसाला तो निरुपयोगी. शिवाय राउटरवर तुम्ही २१ उघडला, ५०,००० उघडलाच नाही. परिणाम ठरलेला: लॉगिन झक्कास होतं, आणि फोल्डरची यादी येता येत नाही. साध्या एफटीपीत काही राउटर मध्येच ही ओळ वाचून पत्ता दुरुस्त करतात. एफटीपीएसमध्ये ती ओळ कुलूपबंद असल्यामुळे राउटरला तेही जमत नाही.

एसएफटीपी हे नाव सख्ख्या भावाचं वाटतं, पण तो एफटीपीच्या घराण्यातला नाही. तो एसएसएचचा, म्हणजे दूरच्या कॉम्प्युटरला सुरक्षितपणे जोडण्याच्या पद्धतीचा, भाग आहे. १९९५ मध्ये हेलसिंकीच्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या नेटवर्कवर पासवर्ड चोरले गेल्याचं उघडकीला आल्यावर तिथल्याच तातू युलोनेन यांनी एसएसएच लिहिलं. एफटीपीचा २१ आणि टेलनेटचा २३ यांच्या मधला २२ हा पोर्ट मोकळा होता, तो त्यांनी मागून घेतला. फायदा असा की बोलणं, माल, यादी, सगळं एकाच जोडणीतून, एकाच २२ पोर्टवरून, पहिल्यापासून एन्क्रिप्ट होऊन जातं. दुसऱ्या दाराची भानगडच नाही.

आणखी दोन नावं ओळखीपुरती. टीएफटीपीत पासवर्ड हा प्रकारच नाही. ते नेटवर्कवरची उपकरणं चालू करताना वापरायचं हत्यार आहे, तुमच्या कामाचं नाही. आणि १९८४ मध्ये ‘सिंपल फाइल ट्रान्सफर प्रोटोकॉल’ नावाचा एक प्रकार येऊन गेला, त्याचंही लघुरूप एसएफटीपीच. जुन्या कागदपत्रांत ते दिसलं तर गोंधळू नका. सुरक्षेशी त्याचा संबंध नाही.

माझं मत सरळ आहे: एसएफटीपी चालत असेल तर तोच घ्या. समोरचं यंत्र जुनं आहे आणि त्याला फक्त एफटीपीएस कळतं, असं असेल तरच तिकडे वळा. साधा एफटीपी कोणी ‘घरातल्या घरात काय होतंय’ म्हणून सुचवला तरी नको. आज घरातल्या घरात लावलेला सर्व्हर उद्या बाहेर कधी उघडला जातो, ते आपल्यालाच आठवत नाही.

पायरी ३: सॉफ्टवेअर निवडा

फक्त तुम्ही स्वतः, किंवा घरातली एक-दोन विश्वासाची माणसं वापरणार असाल तर काहीही नवं उतरवू नका. तुमच्या कॉम्प्युटरला ओपनएसएसएच नावाचा सर्व्हर जवळजवळ आंदणच मिळालेला आहे. मॅकमध्ये तो आतच असतो, नुसता चालू करायचा. विंडोज १० च्या १८०९ या आवृत्तीपासून तो पर्यायी सुविधा म्हणून जोडता येतो. लिनक्सवर एक पॅकेज बसवलं की झालं. १९९९ पासून जगभरातले सर्व्हर त्यावर चालतात, त्यामुळे त्यात खोट सापडली की दुरुस्तीही लगोलग येते, आणि तुमच्यापर्यंत ती बहुतेक करून नेहमीच्या अपडेटमधूनच पोहोचते. विसराळू माणसासाठी ही फार मोठी गोष्ट आहे, आणि आपण सगळे विसराळूच असतो.

त्याची एक अडचण मात्र सांगायला हवी. एसएसएच मुळात दूरच्या कॉम्प्युटरवर बसून आज्ञा देण्यासाठी आहे. फाइली नेणं-आणणं हे त्याचं दुसरं काम. म्हणजे कोणाला ‘फक्त फोटो टाक’ म्हणून खातं दिलंत, तर तोच माणूस तुमच्या कॉम्प्युटरवर आज्ञाही चालवू शकतो. हे बंद करता येतं (पायरी ५ पाहा), पण करावं लागतं.

बाहेरची पाच-दहा माणसं येणार असतील तर मी एसएफटीपीगो घेईन. ते मुक्त स्रोताचं आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं, आणि त्यातले युजर हे त्याचे स्वतःचे असतात. तुमच्या कॉम्प्युटरवर त्यांचं खातं नसतं, आज्ञा चालवण्याचा प्रश्न येत नाही, आणि प्रत्येकाला कुठला फोल्डर दिसेल, किती जागा मिळेल हे ब्राउझरमधल्या पानावरून ठरवता येतं. मूळ मांडणीत त्याचा एसएफटीपी २०२२ या पोर्टवर आणि व्यवस्थापनाचं पान ८०८० वर असतं. ते पान पहिल्यांदा उघडणाऱ्यालाच ते व्यवस्थापक करून घेतं, म्हणून बसवल्या बसवल्या ते स्वतः उघडा. आणि ते पान इंटरनेटवर कधीही उघडू नका.

विंडोजवर खिडक्या-बटणांची सवय असलेल्यांसाठी बिटवाइज एसएसएच सर्व्हर आहे. वैयक्तिक, बिगरधंदेवाईक वापराला त्याचे पैसे पडत नाहीत. रेबेक्सचा टायनी एसएफटीपी सर्व्हर म्हणजे डबल क्लिक केलं की चालू, एकच युजर. पण त्याचा पासवर्ड एका साध्या फाइलीत उघडा लिहिलेला असतो. तो तात्पुरत्या चाचणीसाठी आहे. तेवढ्यापुरता वापरा, बंद करा.

आणि फाइलझिला सर्व्हर? नाव सगळ्यांना ठाऊक असतं, म्हणून हात आपोआप तिकडे जातो. सर्व्हर चांगला आहे, पण त्याची मोफत आवृत्ती एफटीपी आणि एफटीपीएस बोलते, एसएफटीपी नाही. फाइलझिलाचा क्लायंट (सर्व्हरला जोडून घेणारं समोरच्या बाजूचं सॉफ्टवेअर) एसएफटीपी बोलतो, म्हणून लोक सर्व्हरही बोलत असेल असं धरून चालतात. एफटीपीएसच हवा असेल तर हाच घ्या, पण दोन गोष्टी विसरू नका. प्रोटोकॉलच्या यादीत ‘रिक्वायर एक्स्प्लिसिट एफटीपी ओव्हर टीएलएस’ निवडा, म्हणजे उघड्या एफटीपीने कोणी आत येऊ शकणार नाही. आणि पॅसिव्ह मोडसाठी, म्हणजे माल न्यायच्या त्या दुसऱ्या जोडणीसाठी, पोर्टची छोटी पट्टी ठरवून द्या, समजा ५०,००० ते ५०,०५०, आणि फायरवॉलमध्ये तेवढीच उघडा.

कुठलंही सॉफ्टवेअर घ्या, ते मूळ ठिकाणाहूनच उतरवा आणि शेवटची आवृत्ती कधीची आहे ते पाहा. दोन-तीन वर्षांत नवं काहीच आलेलं नसेल तर सोडून द्या, मग ते कितीही सुटसुटीत असो. पण मूळ ठिकाणही डोळे मिटून धरू नका. व्हीएसएफटीपीडी नावाचा एक नावाजलेला सर्व्हर आहे. त्या नावातले पहिले दोन शब्द ‘व्हेरी सिक्युअर’. २०११ च्या जुलैमध्ये उघडकीला आलं की त्याच्या २.३.४ आवृत्तीचा मूळ जागेवरचा गठ्ठाच कोणीतरी बदलून ठेवला होता. युजरनेममध्ये अपूर्णविराम (:) आणि उजवा कंस, म्हणजे हसऱ्या चेहऱ्याची खूण, टाकली की ६२०० पोर्टवर चोरदार उघडत असे. लेखकाने मूळ गठ्ठ्यावर डिजिटल सही केलेली होती. बदललेला गठ्ठा त्या सहीशी जुळत नव्हता. सही तपासण्याचा कंटाळा येत असेल, तर ऑपरेटिंग सिस्टिमसोबत येणारा सर्व्हर घेण्याचं हे आणखी एक कारण: तिथे ही तपासणी तुमच्यासाठी परस्पर होते.

पायरी ४: बसवा

विंडोज ११: सेटिंग्जमध्ये सिस्टिम, त्यात ऑप्शनल फीचर्स. तिथे यादीत ‘ओपनएसएसएच सर्व्हर’ शोधा. ‘क्लायंट’ही दिसेल; तो वेगळा, घाईत तोच निवडला जातो. बसला की स्टार्टमध्ये सर्व्हिसेस उघडा, ‘ओपनएसएसएच एसएसएच सर्व्हर’ या ओळीवर डबल क्लिक करा, स्टार्टअप टाइप ऑटोमॅटिक करा आणि स्टार्ट दाबा. ऑटोमॅटिक केलं नाही तर कॉम्प्युटर पुन्हा चालू केल्यावर सर्व्हर झोपलेलाच राहतो. मग तुमचं वाय-फाय ‘प्रायव्हेट’ म्हणून नोंदलेलं आहे का ते पाहा. ‘पब्लिक’ असेल तर फायरवॉल बाहेरच्या जोडण्या अडवू शकतो.

मॅकवर काम अर्ध्या मिनिटाचं: सिस्टिम सेटिंग्ज, जनरल, शेअरिंग, रिमोट लॉगिन. शेजारच्या ‘आय’ बटणात ‘ओन्ली दीज युजर्स’ निवडून नेमकी नावं घाला.

लिनक्सवर पॅकेज व्यवस्थापकातून ओपनएसएसएच-सर्व्हर बसवा. डेबियन घराण्यातल्या लिनक्सवर तो बसताक्षणी चालू होतो, एवढं ध्यानात असू द्या.

याच वेळी राउटरच्या पानावर जाऊन या कॉम्प्युटरचा घरगुती पत्ता कायमचा राखून ठेवा. राउटरच्या भाषेत त्याला डीएचसीपी रिझर्व्हेशन म्हणतात. नाहीतर आज २० वर असलेला सर्व्हर परवा २७ वर जाईल आणि तुम्ही सॉफ्टवेअरला बोल लावाल.

पायरी ५: वेगळं खातं, कोंडलेला फोल्डर

रोजच्या वापराचं तुमचं खातं, विशेषतः ॲडमिनिस्ट्रेटर असलेलं, यासाठी देऊ नका. एक साधं स्थानिक खातं तयार करा, समजा ‘पोस्टमन’ नावाचं. विंडोजवर याचा आणखी एक फायदा. रोज आपण पिन टाकून आत जातो आणि तोच पिन एसएफटीपीला देऊन पाहतो. तो चालत नाही. पिन फक्त त्या यंत्रासमोर बसणाऱ्यासाठी असतो. जोडणीला खात्याचा खरा पासवर्ड लागतो.

आता हा पोस्टमन घरभर फिरू नये म्हणून त्याला एका फोल्डरात कोंडायचं. ओपनएसएसएचच्या सेटिंगच्या फाइलीत, अगदी शेवटी, चार ओळी लागतात: ‘मॅच युजर’ आणि पुढे पोस्टमन, ‘चेरूट डिरेक्टरी’ आणि पुढे फोल्डरचा मार्ग, ‘फोर्स कमांड’ पुढे ‘इंटर्नल-एसएफटीपी’, आणि ‘अलाव टीसीपी फॉरवर्डिंग’ पुढे ‘नो’. तिसऱ्या ओळीने आज्ञा चालवण्याची वाट बंद होते, चौथीने तुमच्या कॉम्प्युटरमधून पलीकडे जाण्याची. शब्द अर्थातच इंग्रजी अक्षरांत लिहायचे: ‘मॅच’ आणि ‘युजर’ हे दोन वेगळे शब्द, बाकीच्या तीन ओळींतलं पहिलं नाव मात्र मध्ये स्पेस न सोडता. सर्व्हिस पुन्हा सुरू केल्यावरच बदल लागू होतात.

लिनक्सवर इथे एक खड्डा आहे आणि त्यात प्रत्येक जण एकदा पडतो. पासवर्ड बरोबर, तरी जोडणी क्षणात तुटते. लॉग (सर्व्हरची नोंदवही) उघडला की ‘बॅड ओनरशिप ऑर मोड्स फॉर चेरूट डिरेक्टरी’ अशी ओळ दिसते. कोंडायच्या फोल्डरची मालकी रूटची (लिनक्सच्या मुख्य व्यवस्थापक खात्याची) हवी आणि त्यात इतर कोणालाही लिहिता येता कामा नये, असा नियम आहे. मग पोस्टमनने फाइल टाकायची कुठे? त्या फोल्डरच्या आत ‘आवक’ नावाचा दुसरा फोल्डर करा आणि त्याची मालकी पोस्टमनला द्या. बाहेरची खोली घरमालकाची, आतलं कपाट भाडेकरूचं.

पायरी ६: पहिली जोडणी

दुसऱ्या कॉम्प्युटरवर क्लायंट टाका: विंडोजवर विनएससीपी, मॅकवर सायबरडक, नाहीतर कुठेही फाइलझिला. प्रोटोकॉल एसएफटीपी, पत्ता, पोर्ट २२, युजरनेम, पासवर्ड. जोडताना एक खिडकी उगवते: हा सर्व्हर ओळखीचा नाही, त्याचं फिंगरप्रिंट (ओळख पटवणारी अक्षरांची माळ) अमुक आहे, विश्वास ठेवायचा का?

सगळे ‘हो’ म्हणून पुढे जातात. तुम्ही एक मिनिट द्या. सर्व्हरसमोर बसून त्याचं खरं फिंगरप्रिंट काढा (ओपनएसएसएचसोबतची कीजेन ही आज्ञा ते दाखवते; एसएफटीपीगो ते सुरू होताना लॉगमध्ये लिहितो) आणि पहिली-शेवटची काही अक्षरं नव्हे, सगळंच जुळवून पाहा. एकदा मान्य केलं की क्लायंट ते लक्षात ठेवतो. पुढे कधी ‘फिंगरप्रिंट बदललं आहे’ असा इशारा आला आणि तुम्ही सर्व्हर नव्याने बसवलेला नसेल, तर पासवर्ड टाकू नका. तुम्ही भलत्याच दाराशी उभे असण्याची शक्यता आहे.

जोडणी झाली की मोठी फाइल पाठवून बघा. केबलने जोडलेल्या गिगाबिट नेटवर्कवर सेकंदाला ११० एमबीच्या आसपास वेग मिळाला तर चाळीस जीबीला सहा मिनिटं लागतात. वाय-फायवर ३० एमबीच मिळाले तर बावीस. मध्येच तुटलं तर विनएससीपी अर्धवट फाइलीच्या नावाला ‘फाइलपार्ट’ असं शेपूट लावून ठेवतो आणि तिथूनच पुढे सुरू करतो, तेव्हा ते शेपूट पाहून फाइल खोडू नका. वारंवार तुटत असेल तर आधी सर्व्हर असलेल्या कॉम्प्युटरची स्लीप सेटिंग बघा. नेटवर्कला शिव्या देण्यात मी एक अख्खी संध्याकाळ घालवली आहे. कॉम्प्युटर तीस मिनिटांनी इमानेइतबारे झोपत होता.

पायरी ७: पासवर्डऐवजी की

घरातल्या घरात चांगला लांब पासवर्ड चालेल. बाहेरून येणार असाल तर की, म्हणजे डिजिटल किल्ली, हवीच. कीची जोडी असते: एक खासगी, एक सार्वजनिक. क्लायंटच्या कॉम्प्युटरवर ‘ईडी२५५१९’ प्रकारची जोडी तयार करा, खासगी अर्ध्याला सांकेतिक वाक्य लावून तिथेच ठेवा, आणि ‘पब’ शेपटीच्या सार्वजनिक फाइलीतली एक ओळ सर्व्हरवर पोस्टमनच्या ‘ऑथोराइज्ड कीज’ फाइलीत चिकटवा. कोणी ‘तुझी की पाठव’ म्हणालं तर पाठवायची ती हीच ओळ.

विंडोजवर ॲडमिनिस्ट्रेटर खात्याची की या ठिकाणी ठेवली तर सर्व्हर तिच्याकडे बघतही नाही. त्या खात्यांसाठी प्रोग्रॅमडेटामधल्या एसएसएच फोल्डरात वेगळी फाइल असते. वेगळं साधं खातं केलं असेल तर या भानगडीत पडावंच लागत नाही.

की चालते याची खात्री झाली की ‘पासवर्ड ऑथेंटिकेशन’ पुढे ‘नो’ करा. हे करताना सर्व्हरसमोरच बसा. दुरून केलंत आणि चुकलंत तर स्वतःलाच बाहेर कोंडून घ्याल.

पायरी ८: घराबाहेरून यायचं असेल तर

राउटरवर २२ पोर्ट उघडून झोपलात, तर सकाळी लॉगमध्ये ‘रूट’, ‘ॲडमिन’, ‘टेस्ट’ या नावांनी दार ठोठावणाऱ्यांची रांग दिसेल. तुमच्यावर कोणाचा राग नसतो. यंत्रं सगळ्या पत्त्यांवर सरसकट फिरत असतात. पोर्टचा नंबर बदलला तर आवाज कमी होतो, धोका नाही.

त्यापेक्षा हा २२ पोर्ट उघडूच नका. वायरगार्ड (दोन कॉम्प्युटरमध्ये खासगी बोगदा तयार करणारं सॉफ्टवेअर) किंवा त्यावरच उभं असलेलं टेलस्केल दोन्ही कॉम्प्युटरवर टाका. बाहेर असतानाही लॅपटॉपला आपण घरातच असल्यासारखं वाटतं, आणि सर्व्हर जगाला दिसत नाही. ‘पोर्ट उघडला तरी बाहेरून जोडणी होत नाही’ या तक्रारीवरही टेलस्केल बहुधा चालतं. तुमच्या राउटरला बाहेरच्या बाजूने मिळालेला पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर सेवा देणाऱ्या कंपनीने एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटून दिलेला आहे. मग तुम्ही आपल्या राउटरवर कितीही पोर्ट उघडा, बाहेरचा फाटक तुमच्या हातात नसतो.

मराठी नावांच्या फाइली

हे इंग्रजीतल्या मार्गदर्शकांत सापडत नाही, म्हणून मुद्दाम. एसएफटीपीत आजचे क्लायंट आणि सर्व्हर देवनागरी नावं नीट नेतात. जुन्या एफटीपी क्लायंटमध्ये मात्र ‘सहलीचे फोटो’ची चिन्हांची खिचडी होते, तिथे अक्षरसंचाच्या सेटिंगमध्ये यूटीएफ-८ सक्तीने निवडा.

दुसरी गोष्ट जास्त चकवते. विंडोजवर फाइलीच्या नावात २५५ चिन्हं चालतात. लिनक्सच्या नेहमीच्या ईएक्सटी४ डिस्कवर मर्यादा २५५ बाइटची आहे, आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं. म्हणजे फार तर ८५ चिन्हं, आणि त्यात काना, मात्रा, वेलांटी, हलन्त हे प्रत्येक वेगळं मोजलं जातं. ‘फोटो’ हा दोन अक्षरी शब्द चार चिन्हांचा, बारा बाइटचा. त्यामुळे आख्खं वाक्य नाव म्हणून दिलेली फाइल विंडोजवर बिनतक्रार नांदते आणि लिनक्सच्या सर्व्हरवर टाकताना ‘फेल्युअर’ एवढाच शब्द दाखवून नापास होते. परवानग्या तपासत बसण्याआधी नाव छोटं करून बघा. आणि चार जीबीपेक्षा मोठी एकच फाइल शेवटी जाऊन अडत असेल, तर ज्या बाहेरच्या डिस्कवर ती उतरते आहे ती एफएटी३२ची आहे का, तेवढं पाहून घ्या.